माहेरवाटेचं कलम

तहाच्या स्क्रीनला मी जितक्या शिव्या घातल्यात तितक्या कुठल्या माणसालाही घातल्या नसतील, आणि मी काही गोड तोंडाची बाई नव्हे. ज्यांनी असले गेम कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. समोर मोठा नकाशा असतो, त्यातलं एक राज्य तुमचं. शेतसारा, सोयरिकी, फौजा, आरमार, सगळं तुम्ही बघायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या ते राज्य चालवायचं. लढाई करायच्या यात हजार तऱ्हा. घाटात गाठा, खाडीत कोंडा, किल्ल्याचं पाणी तोडा, शत्रूचा सरदार फोडा. पण लढाई थांबवायची म्हटली की एकच खिडकी उघडते आणि तिच्यात असतो एक तराजू. जिंकणाऱ्याने हवं ते उचलून पारड्यात टाकायचं, हरणाऱ्याने हो किंवा नाही म्हणायचं. लढाईवर इतकी अक्कल खर्च करणाऱ्यांनी तहाला वाण्याच्या दुकानातला तराजू दिला होता.

एकदा मी किनाऱ्यावरचं एक चिमुकलं राज्य घेऊन खेळत होते. मला शेजाऱ्याचं एक बंदर हवं होतं, बाकी काही नको. बंदर मी घेतलं. त्याचं आरमार बुडवलं. तह करायला गेले तर तराजू म्हणतो, तुझ्या विजयाचा आकडा अजून जरा कमी पडतोय. शेजारी बंदर द्यायला तयार, मी घ्यायला तयार, पण आकडा भरत नाही म्हणून लढाई चालूच. मग ज्या गावांशी माझं काही वाकडं नव्हतं त्या आतल्या गावांना वेढे घालत बसले, आकडा भरावा म्हणून. त्यांची शेतं जळताना नकाशावर काळे डाग पडत होते आणि मी मोठमोठ्याने शिव्या देत होते.

आई माझ्या मागे बसून कोकमाची सालं निवडत होती. मी काय करते हे तिला तेव्हा फारसं कळत नव्हतं, पण मी का ओरडते हे तिने विचारलं आणि मी सांगितलं.

"शिरा पडली त्या तराजूर," आई म्हणाली. "दोघांकय नको आसा, तर लढाय कोणाक व्हयी?"

ती गेमबद्दल बोलत नव्हती हे मला तेव्हाच कळलं.

आमचं गाव जामसंड्याहून आत आहे. मधून व्हाळ जातो, म्हणजे पावसाळ्यात भरून वाहणारा ओढा. अलीकडे खालची वाडी, ती आमची. पलीकडे वरची वाडी, ते आईचं माहेर. एकाच गावात दिलेली ती. आमच्या पडवीतून मामाच्या घराचं छप्पर दिसतं आणि वारा पडला असेल तर त्याच्या चुलीचा धूरही. पण आमच्याकडे लेक कितीही जवळ दिलेली असो, ती अशी उठून माहेरी जात नाही. जत्रेआधी तिला बोलावणं यायला लागतं. मामा स्वतः यायचा. देव्हाऱ्यापाशी नारळ ठेवायचा, "जत्रेक ये गो बाये" म्हणायचा, चहा प्यायचा, आमच्या काजूच्या झाडांना नावं ठेवायचा आणि जायचा. जत्रेच्या दिवशी आई नवं लुगडं नेसून देवीची ओटी भरायची आणि तिथूनच माहेरी राहायला जायची. एकदा ते बोलावणं झालं की वर्षभर ती वाट मोकळी. पुढच्या जत्रेपर्यंत ती कधीही व्हाळ ओलांडायची, कुणी विचारायचं नाही.

मग पालखीवरून वाजलं. पालखीचा पहिला खांदा कुणाचा, एवढाच वाद. खालची वाडी म्हणाली आमचा, वरची म्हणाली आमचा. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना आपापल्या आजोबांनी सांगितलेलं अगदी स्पष्ट आठवत होतं. शब्दाने शब्द वाढला, देवळासमोर धक्काबुक्की झाली, आणि सरकारी माणसांनी येऊन सांगितलं की समेट होईपर्यंत पालखी उठवायची नाही. देवीची पालखी आतच राहिली. पालखी नाही म्हणून जत्रा नाही. जत्रा नाही म्हणून बोलावणं नाही. आणि बोलावणं नाही म्हणून आई गेली नाही.

आधी वाटलं, यंदाचं एक वर्ष. मग दुसरं झालं. मधे बाबा गेले. मामा सरळ स्मशानात आला, सगळं होईपर्यंत लांब उभा राहिला आणि तिथूनच परत गेला. बाराव्याला त्याला आमच्याकडून निरोप गेला नाही, कारण तो येईल की नाही अशी शंका. आणि निरोप नाही म्हणून तो आला नाही. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही.

मामाचं वय झालंय. गेल्या वर्षी त्याला छातीच्या दुखण्यासाठी कुडाळला नेलं, हे आईला कळलं ते मासेवालीकडून. ती किनाऱ्यावरून टोपली घेऊन येते, कुठल्याच वाडीची नाही, म्हणून दोन्हीकडे जाते. आई तिच्याकडून नको असतानाही बांगडे घ्यायची. आधी बांगड्यांना नावं ठेवायची, मग पैसे देता देता हळूच विचारायची, "वयर सगळी बरी आसत मा?" त्या दिवशी मासेवाली म्हणाली, "तुज्या भावाक गाडयेत घालून व्हेल्यानी." आईने बांगडे साफ केले, तळले, मला वाढले आणि स्वतः जेवली नाही. भाऊ जिवंत आहे तोवर एकदा त्याच्या घरी जाऊन यावं, एवढंच तिला हवं होतं. तेवढं सोडून गावात बाकी सगळ्या गोष्टींवर बैठका होत होत्या.

मी तोवर अशाच गेम बनवणाऱ्या पुण्याच्या एका लहान कंपनीत लागले होते आणि बाबा गेल्यापासून घरूनच काम करत होते. कंपनीचा नवा गेम कोकणपट्टीसारख्या एका काल्पनिक किनाऱ्यावरचा होता. तहाचा भाग कुणाला नकोच होता. सगळ्यांना आरमार हवं होतं, तोफा हव्या होत्या. मी म्हटलं, तह मला द्या. त्यांना वाटलं, बरी बला टळली.

पहिली गोष्ट मी केली ती मान वेगळा काढला. जमीन वेगळी, मान वेगळा. तराजूच्या गेममध्ये हरणारा बंदर सोडायला कबूल होत नाही, कारण बंदराबरोबर त्याचं नाकही जातं. मी म्हटलं, बंदर द्या, पण त्या बंदरात शिरणाऱ्या गलबताने पहिली सलामी जुन्या राजाच्या निशाणाला द्यायची. हे मला पुस्तकं वाचून सुचलं नव्हतं. पालखीच्या पहिल्या खांद्यासाठी ज्यांनी गावाची जत्रा बुडवली त्यांच्यातच मी वाढले होते. माणूस शेताचा बांध सरकवायला तयार होतो, पण चारचौघांत आपल्या आधी दुसऱ्याने नारळ फोडलेला त्याला चालत नाही. हे कळलं नाही तर कुठला तह टिकणार? गेम खेळून तपासणारे टेस्टर खूश झाले. लढाया लवकर मिटायला लागल्या, उगाच गावं जाळावी लागेनात. आमचा प्रमुख, माझ्याच वयाचा, पुण्याचा, डोक्याने थंड माणूस, त्याने माझं चांगलं कौतुकही केलं.

मग मी माहेरवाटेचं कलम घातलं आणि कौतुक संपलं.

असल्या गेममध्ये युती करायची तर सोयरीक करतात. तुमची लेक त्या राज्यात दिली, युती झाली. पुढे लढाई लागली की युती मोडते. ती लेक? ती कुठेच नसते. तिच्या नावाची बारीक ओळ कुठेतरी कोपऱ्यात राहते, बस. लढाई संपते, तह होतो, परगणे इकडचे तिकडे होतात, आणि ती तिथेच. मी तहात एक कलम वाढवलं: सीमा कुठेही जावो, पलीकडे दिलेल्या लेकींना माहेरी येण्याजाण्याची मोकळीक राहील. नाव दिलं माहेरवाट.

प्रमुखाने व्हिडिओ कॉलवर ते बघितलं आणि विचारलं, "यातून जिंकणाऱ्याला काय मिळतं?"

"काही नाही."

"मग तो देईल कशाला?"

"मागितलं म्हणून."

"आणि त्याचं काही जात पण नाही. म्हणजे प्रत्येक तहात तो हे फुकटात देऊन टाकणार, आणि खेळणारा त्याच्याकडे बघणार पण नाही. असून नसून सारखंच आहे ते. काढून टाक."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणूनच माझा पारा जास्त चढला. ज्या गोष्टीला किंमत नाही ती गेममध्ये राहत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण मी म्हटलं, "काढणार नाही."

"अगं, राण्या माहेरी जातात की नाही हे बघायला कोण गेम विकत घेणार आहे?"

"मी घेणार आहे."

"तू एकटी."

"मग एकटीसाठी ठेव."

तो हसला, पण कंटाळून. म्हणाला, पुढच्या बिल्डपर्यंत, म्हणजे गेमची पुढची आवृत्ती बांधेपर्यंत, याचा काहीतरी उपयोग दाखव, नाहीतर ते जाईल. मी लॅपटॉप आपटून मिटला. आई दारातच होती. माझा तंटा कशावरून झाला हे तिने खोदून खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"गेमातल्या बायलांका वाट करून दितंस. बरा आसा. त्येंच्यासाठी सायबाशी भांडतंस. आणि हय बसलेल्या आवशीक कोण वाट दिता गो? तिच्यासाठी कोणाशी भांडलंस?"

दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी सोडलं नसतं, पण ती आई होती, मी उठून चहा ठेवला.

त्याच आठवड्यात देवळात पुन्हा बैठक लागली. सभामंडपात एका बाजूला खालची वाडी, दुसऱ्या बाजूला वरची, मध्ये तालुक्याहून आलेले एक साहेब. बायका मागे खांबांपाशी. आई माझ्या शेजारी बसली होती आणि समोरच्या रांगेत बसलेल्या मामाच्या पाठीकडे बघत होती. मामा वाळला होता. त्याचा सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता.

साहेबांनी शुद्ध मराठीत सांगितलं की दोन्ही बाजूंनी सामंजस्य दाखवावं, पहिला खांदा एक वर्ष यांनी द्यावा, एक वर्ष त्यांनी. दोन्ही वाड्यांनी माना डोलावल्या. मला क्षणभर वाटलं, मिटलं. मग कुणीतरी विचारलं, पहिलं वर्ष कुणाचं? झालं. पुन्हा आजोबा उठले, पुन्हा पणजोबा उठले. साहेब घड्याळ बघायला लागले. जे मिळवायचं ते दोघांनाही मिळत होतं, आणि आकडा भरत नाही म्हणून लढाई चालूच होती. माझ्या डोक्यात तो तराजूच फिरायला लागला.

मी उठून उभी राहिले. आईने माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला.

"पालखीचा तुमी काय ठरवशात तेवा ठरवा," मी म्हटलं. "आदी माहेरवाशिणींचा सांगा. ह्या वाडयेतल्यो लेकी त्या वाडयेत आसत, त्या वाडयेतल्यो ह्या वाडयेत. तेंनी कदी जावचा?"

काहीजण हसले. आमच्या वाडीतले एक काका, मोठे समजूतदार म्हणून ओळखले जाणारे, म्हणाले, "ता होतलाच गो. पालखी उठली काय सगळा सुरळीत होता. तेच्यासाठी येगळा कित्याक ठरवक व्हया?"

होतलाच. आमच्या प्रमुखानेही शुद्ध मराठीत हेच सांगितलं होतं. जे होणारच असतं ते कधी होत नाही, कारण ते करायचं काम कुणाचंच नसतं.

"मगे माका सांगा," मी विचारलं, "ही वाट बंद कोणी केल्यान?"

काका इकडेतिकडे बघायला लागले. मग म्हणाले, "बंद केली अशी कोणी नाय. तेंका बरा वाटाचा नाय म्हणान आमी धाडूक नाय."

वरच्या वाडीतला एक म्हातारा लगेच म्हणाला, "आणि तुमका नको आसात म्हणान आमी बोलावक नाय."

म्हणजे कुणी बंदी घातलीच नव्हती. इतकी वर्षं दोन्ही वाड्या एकमेकींचा मान राखण्यासाठी एकमेकींच्या लेकी अडवून बसल्या होत्या. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, मग आताच सांगा की वाट उघडी आहे. तर सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, हा विषय आजच्या बैठकीचा नाही. आणि पालखीच्या पहिल्या वर्षावर पुन्हा सुरू झालं. मामाने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

घरी येताना आई माझ्यावर भडकली होती. "माज्या म्हायाराचा रडगाणा भरल्या देवळात कित्याक गायलंस? माजी लाज काडलंस."

"तूच म्हणालंस ना, आवशीसाठी कोणाशी भांडलंस म्हणून?"

"भांड म्हटलंय, भीक माग नाय म्हटलंय!"

हे मला झोंबलं, आणि बरंच झालं झोंबलं ते. कारण दुसऱ्या दिवशी कामाला बसल्यावर मला माझ्या कलमातली खोट दिसली. मी भीकच मागत होते. जिंकणाऱ्याने वाट द्यावी, असं लिहून मी ती वाट त्याच्या मालकीची करून टाकली होती. ती त्याची होती कधी? लेक दिली त्या दिवशीच वाट झाली. लढाई नंतर आली. मग लढाई लागल्यावर तिने आपोआप बंद का व्हावं? आणि तह झाल्यावर कुणाच्या तरी मेहेरबानीने उघडावं का?

मी कलम तहातून काढलं आणि उलटं करून ठेवलं. लढाई लागली तरी माहेरवाट उघडीच राहील. ज्या राजाला ती बंद करायची आहे त्याने बटण दाबावं. स्वतः. आणि त्याने दाबलं की दोन्ही राज्यांत दवंडी फिरेल, राज्याच्या नावाने नाही, त्याच्या स्वतःच्या नावाने: अमक्याने लेकींची वाट अडवली. त्याच्या ज्या सरदारांच्या लेकी पलीकडे आहेत त्यांचं मन त्याच्यावरून उडेल, आणि तो वाट पुन्हा उघडेपर्यंत ते बसणार नाही. वाट उघडी ठेवली तर? तर त्या वाटेने निरोप येतील-जातील. दरबारात मागणी खाली घेतली की राजाची मान खाली जाते. माहेरी गेलेल्या लेकीने भावाच्या कानात सांगितलं की तुम्ही आता नुसतं बंदर सोडलंत तरी आमच्याकडच्यांना पुरे आहे, तर कुणाचीच मान खाली जात नाही. तराजूत आकडा भरो न भरो, लढाई थांबवायची दुसरी वाट झाली.

सोमवारच्या कॉलवर प्रमुख स्वतः खेळायला बसला. खेळताना तो फार निर्दय असतो. मी बघत होते, आणि लॅपटॉपचा आवाज मोठा असल्यामुळे मागच्या खोलीत आईलाही सगळं ऐकू जात होतं. त्याने लढाई पुकारली. शत्रूच्या घरात दिलेली त्याच्या राजाची बहीण होती. ती ये-जा करते म्हणजे आपल्या फौजेची बातमी फुटेल, असं म्हणून त्याने वाट बंद करायचं बटण उघडलं. समोर त्याने स्वतः टाइप केलेलं त्याच्या राजाचं नाव आलं आणि त्याखाली काय जाहीर होणार ते.

"माझं नाव कशाला? राज्याचं टाक ना," तो म्हणाला.

"राज्य नाही बंद करत. तू बंद करतोयस."

"पण सगळे असंच करतील, लढाई आहे."

"करतील तर करू देत. दाबायचं असेल तर दाब."

त्याने बटणाची खिडकी मिटली. मग म्हणाला, "बघू नंतर." आणि नंतर काही त्याने ते दाबलं नाही. पुढे त्याचा वेढा फसला तेव्हा बहिणीकडून निरोप आला, बंदर सोडा, किल्ला ठेवा. त्याने तो मानला. लढाई थांबली, आतली गावं जळली नाहीत. तो म्हणाला, "ठेव हे. फक्त ते नाव इतकं मोठं नको." मी म्हटलं, नाव आहे तेवढंच राहील. तो म्हणाला, "तुझ्याशी तह होणं शक्य नाही," आणि कॉल ठेवला. मी जिंकले होते. वळून बघते तर आई नवं लुगडं नेसून दारात उभी.

"वाट बंद करतल्याक स्वताच्या नावान बंद करूक व्हयी, असाच मा ता?" तिने विचारलं.

"असाच."

"मगे माजी वाट कोण बंद करता ता माका बघूचा आसा. चल."

ऊन चढत होतं. आई पुढे, मी मागे. खालच्या वाडीतली पडवी न् पडवी आमच्याकडे बघत होती. व्हाळावरच्या साकवापाशी बैठकीतले ते काका गुरांना पाणी दाखवत होते. त्यांनी हाक मारली, "खंय गो चललंस?"

"म्हायाराक," आई म्हणाली.

"बोलावणा इला?"

"नाय."

आणि ती साकव ओलांडून गेली. काका तोंड उघडं टाकून बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघून जीभ दाखवावीशी वाटली. या वयात ते शोभत नाही म्हणून राहिले.

मामा पडवीत बसला होता. आईला अंगणात बघून तो उठायला लागला, अर्धा उठला आणि तसाच खांबाला धरून राहिला. इतक्या जवळून मी त्याला कितीतरी दिवसांनी बघत होते. कुंपणापलीकडे शेजारचे दोघंतिघं जमले होते. त्यांतला एक बैठकीतला म्हातारा होता.

"बाये," मामा हळू म्हणाला, "पालखीचा अजून ठरूक नाय गो."

"ठरांदे."

"वाडी काय म्हणतली?"

"वाडी काय म्हणतली ता माका नको," आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते, आणि ती दोन्ही लपवत नव्हती. "तू काय म्हणतंस ता सांग, दादा. जा म्हणशीत तर ह्या पावली परत जातंय, परत कदी येवचंय नाय. पण तुज्या तोंडान म्हण. वाडयेच्या तोंडान नको."

मामाने कुंपणाकडे बघितलं. तो काय म्हणेल हे मला खरंच ठाऊक नव्हतं, आणि आईलाही नव्हतं. मग तो दाराच्या वाटेतून बाजूला सरला. आईने चपला काढल्या आणि ती त्याच्या अंगावरून आत गेली.

कुंपणापलीकडून म्हाताऱ्याने विचारलं, "हिका कोणी बोलवल्यान रे?"

"मी बोलवलंय," मामा म्हणाला, आणि तिच्या मागोमाग आत गेला.